झाकलेला आकडा

२ जानेवारी

शंकासुरा,

सहा वर्षांनी हे नाव लिहितेय. 'प्रिय' लिहायला जीव होत नाही, आणि 'आदरणीय प्राध्यापक' लिहिलं असतं तर ताई टोमणा मारतेय असं तुला वाटलं असतं. मारलाच असता म्हणा.

आधी कामाचं. आमच्या संचालकांचं पत्र तुला पोचलं आणि तू त्याखाली 'मान्य' एवढा एकच शब्द लिहून ते परत धाडलंस. कागद मी पाहिला. सही अजून तशीच आहे, शेपटीवाली. तुझं नाव मीच सुचवलं हे तुला कोणीतरी सांगितलंच असेल. बैठकीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकाने तर विचारलं, तुमचं त्यांच्याशी बोलणं नाही ना? म्हटलं, म्हणूनच तर.

ऑक्टोबरअखेर मी निवृत्त होते. त्याआधी एकदा सगळं पहिल्यापासून मोजायचं ठरवलंय, आणि या वेळी डोळ्यांवर पट्टी बांधून. तू एक आकडा मनात धरायचास आणि तो आमच्या प्रोग्रामात कुलूपबंद करून टाकायचास. मला जे उत्तर दिसेल त्यात तो मिसळलेला असेल, म्हणजे मोजणी पुरी होईपर्यंत खरं उत्तर काय ते मला कळणार नाही. तोच आकडा कागदावर लिहून सीलबंद लिफाफ्यात, आमच्या कचेरीच्या लोखंडी कपाटात. तोवर आकडा ठेवणाऱ्याने मोजणाऱ्याशी एक अक्षर बोलायचं नाही, लिहायचं नाही. मोजणाऱ्याने लिहू नये असा नियम करायला मात्र ते विसरले, आणि मीही आठवण करून दिली नाही.

तेव्हा मी लिहिणार आहे. तुला उलटून बोलता येणार नाही म्हणूनच जमतंय. असा श्रोता मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

पाठ कशी आहे ते विचारत नाही, तू सांगू शकत नाहीस.

ताई

११ फेब्रुवारी

शंकासुरा,

लिफाफा आला. कचेरीच्या बाईंनी तो माझ्यासमोर कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मग म्हणाल्या, एवढं काय आहे हो त्यात? पंचवीस वर्षं त्या इथे आहेत. आमच्या रजा, आमची दुखणी, कोणाचं कोणाशी वाकडं, सगळं त्यांना तोंडपाठ. पण आम्ही नक्की करतो काय, हे कोणी त्यांना धड सांगितलेलं नाही. मला लाज वाटली. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

म्हटलं, विश्व फुगतंय, आणि किती वेगाने हा प्रश्न आहे. माझा धाकटा भाऊ आणि त्याच्यासारखे लोक विश्वाच्या बालपणीचा उजेड बघतात, तो आपल्या सिद्धांतात घालतात आणि सांगतात, आज हा वेग, एककं सोडून द्या, सदुसष्ट असायला हवा. मी तसलं काही करत नाही. मी तारे मोजते. काही तारे ठरावीक लयीत फुगतात आणि आक्रसतात. लय जितकी संथ, तितका तारा मुळात तेजस्वी. मुळात किती आणि इथून दिसतो किती, यावरून त्याचं अंतर काढायचं. अशी अंतरं आणि दीर्घिकांचा दूर पळण्याचा वेग एकत्र मांडला की उत्तर येतं त्र्याहत्तर.

बाई म्हणाल्या, सहाचाच तर फरक. म्हटलं, दोघांच्याही मापात एक-दीडपेक्षा जास्त चूक नसेल, तर सहा म्हणजे फार झाले. एक तर मी एकोणीस वर्षं चुकतेय, नाहीतर त्यांच्या सिद्धांतात काहीतरी कमी आहे. तुम्हाला काय वाटतं, असं त्यांनी विचारलं. मला काय वाटतं ते मधे येऊ नये म्हणून तर हा लिफाफा, असं सांगून मी उठले.

भांडणाचं त्यांना सांगितलं नाही. सहा वर्षांपूर्वी परिषदेत तू व्यासपीठावरून म्हणालास, ताईंची मोजणी प्रामाणिक आहे, पण प्रामाणिक चूकही चूकच असते. लोक हसले. ते मी गिळायला हवं होतं, पण मी माईक मागितला. तुमच्या विश्वातल्या शंभर डब्यांपैकी पंच्याण्णव डब्यांत काय आहे तुम्हालाच ठाऊक नाही, झाकणावर नुसतं कृष्णद्रव्य नि कृष्णऊर्जा असं लिहून ठेवलंय, आणि तरी स्वयंपाकघर आपलंच म्हणता, असं मी बोलले. लोक जास्त हसले. तुझा चेहरा पडलेला मला दिसला, तरी आणखी एक वाक्य बोलले. ते इथे लिहीत नाही.

काम सुरू झालंय.

ताई

२३ एप्रिल

शंकासुरा,

आज लिहायचं नव्हतं, पण ही गोष्ट पोटात राहत नाहीये.

निवृत्तीआधी कपाट रिकामं करून द्यायचंय म्हणून जुन्या वह्या काढल्या. एकोणीस वर्षांच्या. चाळता चाळता एक गोष्ट डोळ्यांत खुपली, मग खाली फरशीवर बसून सगळ्याच तपासल्या. उत्तर सत्तरच्या खाली आलं असं अकरा वेळा झालंय. अकराही वेळा मी चूक शोधत बसले, कधी दोन आठवडे, कधी पाच. दर वेळी सापडलीही, कारण शोधली की चूक सापडतेच. दुरुस्त केली की आकडा वर चढायचा. आणि बहात्तरच्या वर आला की त्याच दिवशी 'ठीक' असा शेरा मारून वही बंद. एकदाही परत बघितलं नाही.

सापडलेल्या चुका खोट्या नव्हत्या, हे नीट समजून घे. खऱ्याच होत्या. पण तराजूच्या एकाच पारड्यातले खडे वेचत बसावं तसं झालंय ते.

तुमच्याकडे तरी काय वेगळं चालतं? जुळत नाही असा आकडा कोणी आणला की त्याच्या दुर्बिणीच्या काचेवर धूळ असते. जुळणारा आणला की काच कोणी पुसूनही बघत नाही. हे मी सहा वर्षं जिथे-तिथे सांगत फिरले. माझ्या वह्यांत मात्र बघायचं राहिलं.

आता ते वाक्य लिहिते. माईक हातात होता, दीडशे लोक होते, आणि मी म्हणाले, 'याला गणित मीच शिकवलं, आणि तेव्हाही हा आधी पुस्तकाच्या मागचं उत्तर बघायचा.' तू नऊ वर्षांचा होतास. घरातली गोष्ट मी चव्हाट्यावर नेली, आणि आता कळतंय की मागचं उत्तर बघायची खोड तुझ्याइतकीच मलाही आहे. तू निदान लहान होतास.

माफी मागायची तर समोर बसून मागावी. तरीही, चुकलं माझं.

यंत्रावर सध्या एक्याऐंशी पॉइंट दोन दिसतंय. त्यात तुझा आकडा मिसळलेला असल्याने ते चांगलं की वाईट, मला काहीच कळत नाही. म्हणून थांबावंसंही वाटत नाही. तपासत राहते.

ताई

२० जून

हा काय आचरटपणा आहे?

'मान्य' लिहिलंस ना खाली? मग? पत्र माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवलंस, म्हणजे कचेरीला कळू नये एवढी अक्कल होती. सहा वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास आणि लिहायला सुचलं ते नेमकं मनाई असताना.

मी उघडलेलं नाही आणि उघडणारही नाही. तू आत आकडाच लिहिला असशील असं माझं म्हणणं नाही. पण 'ताई, दमू नकोस' एवढं जरी लिहिलं असलंस तरी मी त्याचा अर्थ लावत बसेन. म्हणजे काय, उत्तर त्याच्या बाजूला चाललंय? की माझ्या? आणि मग हात आपोआप तिकडे वळतील. माझ्या हातांवर माझा आता भरवसा नाही, हे तुला एप्रिलमध्येच कळवलंय.

संचालकांना सांगितलं. ते म्हणाले, जाळून टाका नाहीतर माझ्याकडे द्या. मी दोन्ही केलं नाही. आधी फ्रिजवर ठेवलं, पण येता-जाता दिसायला लागलं. आता मोठ्या पातेल्यात ठेवून वर झाकण घातलंय. एकटीच्या घरात ते पातेलं कधी लागत नाही.

काही तातडीचं असेल तर तुझी बायको फोन करेल असं धरून चालते. तिचं माझं भांडण नाही.

ताई

१ जुलै

शंकासुरा,

मागच्या पत्रात एक गोष्ट लपवली. पातेल्यात ठेवायच्या आधी मी तुझा लिफाफा खिडकीशी उजेडासमोर धरला होता. आत दोन कागद आहेत, घडी घातलेले. अक्षरावर अक्षर आलेलं, त्यामुळे काही लागलं नाही. फक्त पहिला शब्द वाचता आला, 'ताई'. पुढचं वाचायचा प्रयत्न केला, एकदा नाही, दोनदा. मग खाली ठेवलं. हे कामाच्या वहीतही तारीख-वेळेसह लिहिलंय. उद्या कोणी बोट दाखवलं तर त्याने आधी ते वाचावं.

त्यानंतर मी रडले, ते वहीत लिहिलेलं नाही. तुझ्या पाठीच्या ऑपरेशनच्या वेळी मी आले नव्हते. ऑफिसच्या नावाने छापील कार्ड पाठवलं होतं, खाली सहीसुद्धा कचेरीच्या बाईंची. तुझ्या जागी मी असते तर असल्या बहिणीला पुन्हा कधी पत्र लिहिलं नसतं. तू लिहिलंस.

तरी उघडत नाही. राग आला तर येऊ दे.

ताई

६ ऑगस्ट

शंकासुरा,

सापडली. चूक सापडली आणि मोठी आहे.

आमची पद्धत तुला माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहिते, मलाच डोकं ताळ्यावर आणायचंय. दूरच्या दीर्घिकेत तारे दाटीवाटीने असतात. ज्याचं तेज मोजायचं त्याच्यात शेजाऱ्यांचा उजेड मिसळतो, तो आहे त्याहून तेजस्वी दिसतो आणि म्हणून जवळ वाटतो. तारे जवळ वाटले की विश्वाचा वेग जास्त निघतो. ही भेसळ किती, हे बघायला आम्ही चित्रात खोटे तारे पेरतो. आपणच टाकलेले, तेज ठाऊक असलेले. मग ते परक्यासारखे मोजायचे. टाकलं किती आणि भरलं किती, यातला फरक म्हणजे भेसळ, आणि तेवढी खऱ्या ताऱ्यांतून वजा करायची.

मंगळवारी दोन हजार पेरले. यादीत परत आले सतराशे चाळीस. हे नेहमीचंच, पण या वेळी मी प्रोग्रामरला विचारलं, बाकीचे दोनशे साठ गेले कुठे? तो म्हणाला, ते सापडले नाहीत बाई, न सापडलेले प्रोग्राम सोडून देतो. का सापडले नाहीत? तर ते एखाद्या मोठ्या ताऱ्याच्या अगदी अंगावर पडले म्हणून.

बघ आता. जिथे सगळ्यात जास्त दाटी तिथलेच आम्ही फेकून देत होतो, आणि उरलेल्यांवरून सांगत होतो की दाटीचा फारसा त्रास नाही. शाळेत न आलेली पोरं वगळून हजेरी शंभर टक्के लावावी तसं. खरे तारे तर लयीत उजळतात-मंदावतात म्हणून अशा गर्दीतही ओळखू येतात, आणि ते आम्ही मोजतोच.

मी प्रोग्रामरवर ओरडले. असलं कोणी शिकवलं तुला, म्हटलं. तो बिचारा बारा वर्षं माझ्या हाताखाली आहे, तोंड वर करून बोलत नाही. उठला, कपाटातून सूचनांची सगळ्यात जुनी फाईल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. पहिल्याच पानावर लिहिलंय, 'न सापडलेले वगळावेत.' अक्षर माझं. एकोणीस वर्षांपूर्वीचं.

त्याची माफी मागितली. तो म्हणाला, चहा घेऊ या.

ताई

१९ सप्टेंबर

शंकासुरा,

सहा आठवडे लागले. गर्दीतले खोटे तारे हाताने एकेक शोधून मोजावे लागले. डोळ्यांची पार वाट लागली.

मधे एक दिवस प्रोग्रामरने दार लावून घेतलं. बाई, एक बोलू का, म्हणाला. ही दुरुस्ती आकडा खालीच नेणार, हे आपल्या दोघांनाही कळतंय. भावाच्या बाजूला. तुमची निवृत्ती दीड-दोन महिन्यांवर आली. ही गोष्ट पुढच्या शोधनिबंधात कोणीतरी करेल, तुमच्याच हाताने कशाला? तुमच्या त्र्याहत्तरवर इथल्या चार जणांचं काम उभं आहे, त्यात माझंही आहे. तो वाईट माणूस नाही, खरंच सांगत होता. मी विचार केला नाही असं नाही. दोन दिवस केला. मग वहीतली ती अकरा पानं त्याला वाचायला दिली. दुसऱ्या दिवशी तो माझ्याआधी येऊन बसला होता.

आता यंत्रावर एकोणऐंशी पॉइंट चार दिसतंय. आज दुपारी मोजणी बंद केली. पाच जणांच्या सह्या झाल्या, आता त्यात टिंबसुद्धा बदलता येणार नाही. लिफाफा तीस तारखेला उघडायचा.

भीती वाटते रे. चुकले असेन तर माझ्या नावावर एकोणीस वर्षं चुकीचं मोजलं एवढंच उरणार. आणि बरोबर असेन तर तुझं काय, याचाही विचार येतो. पूर्वी नव्हता येत.

ताई

३० सप्टेंबर

शंकासुरा,

सकाळी दहाला संचालकांच्या खोलीत जमलो. कचेरीच्या बाईंनी किल्ली काढली, कात्रीने लिफाफा कापला आणि कागद मोठ्याने वाचला. 'आठ.' खाली तुझी सही.

एकोणऐंशी पॉइंट चारमधून आठ गेले. बेरीज-वजाबाकी सगळ्यांची मनातल्या मनात झाली होती, तरी प्रोग्रामरने ती कागदावर मांडली आणि दोनदा रेघ ओढली. एकाहत्तर पॉइंट चार. चूक असली तर एक वर, एक खाली.

म्हणजे तुझा नाही आणि माझाही नाही. ते दोनशे साठ तारे फेकलेच असते तर त्र्याहत्तर आलं असतं, माझं जुनं, आणि मी पेढे वाटल्यासारखी गावभर सांगत सुटले असते. पण माझ्या हातून दोन गेले तरी तुझ्या सदुसष्टापर्यंत ते पोचत नाही. मधे चारच्या वर उरतात, आणि ते माझ्या चुकीने आलेले नाहीत एवढं आता छातीवर हात ठेवून सांगते. संचालकांनी हात मिळवला. मला हसू आलं नाही की रडू आलं नाही.

आता जे लिहायचं टाळतेय ते. मोजणी एकोणीस तारखेलाच गोठली होती. तुझं पत्र त्या संध्याकाळी उघडायला कोणाचीच आडकाठी नव्हती. संचालक तसं म्हणालेसुद्धा. मी नाही उघडलं. अकरा दिवस ते पातेल्यातच होतं. मला आधी आकडा बघायचा होता, तू नंतर. दुसरं काही कारण शोधत होते, पण नाही मिळालं.

आज घरी येऊन उघडलं. तू लिहिलंस:

'ताई, आकडा यात नाही. पण तू हे उघडणार नाहीस, मला माहीत आहे. नऊ जुलैला मी तुमच्या गावावरून जातोय. गाडी बदलायची आहे, अकरा ते दोन स्टेशनवर असेन. उघडलंस तर ये, भेट होईल. आली नाहीस तर ताई तशीच आहे असं समजेन, आणि बहुधा मला जास्तच बरं वाटेल.'

दुसऱ्या कागदावर तुझं गणित. दोन वर्षं तू सदुसष्ट वर ओढायचा प्रयत्न करतोयस, आणि एका ठिकाणी शिवलं की दुसरीकडे उसवतं. सिद्धांतात काहीतरी कमी आहे असं तुला वाटायला लागलंय, आणि चारचौघांत म्हणायच्या आधी मला सांगायचं होतं.

हे मी जूनमध्ये वाचलं असतं तर दोनशे साठ तारे कुठे गेले, हे विचारलंच नसतं. शेवटी भाऊसुद्धा म्हणतोय, असं म्हणून 'ठीक' लिहिलं असतं आणि वही मिटली असती. तेव्हा उघडलं नाही ते बरोबरच केलं. हे मला पटतं. पण तू दुखऱ्या पाठीने तीन तास तिथल्या लाकडी बाकावर बसला होतास. डायरी काढून बघितलं मी नऊ जुलैला काय करत होते. 'चष्म्याची काडी बसवून आणली.' बाकी दिवस कोरा आहे.

कामाचं एवढंच, की माझ्या त्र्याहत्तरच्या भरवशावर तुझी शंका वाढली असेल तर तेवढी कमी कर आणि एकाहत्तर पॉइंट चार धरून पुन्हा बस. मला बरं वाटावं म्हणून सिद्धांत सोडू नकोस. सोडायचा तर गणितासाठी सोड. आणि तुझ्याही वह्या एकदा फरशीवर पसरून बघ, कुठे 'ठीक' लिहिलंयस ते.

येत्या रविवारी अकराच्या गाडीने मी तुझ्या गावी उतरते. दोनपर्यंत स्टेशनवर बसेन. तुझ्याइतकं मन मोठं नाही माझं. तू आला नाहीस तर मला बरं वगैरे काही वाटणार नाही, फार वाईट वाटेल. तेव्हा ये.

तुझी
ताई